पावतीचं पान एका फोनवर बरोबर, शेजारच्यावर चूक: जावास्क्रिप्टमधला घोळ शोधायला काय वापरता?

राजेंद्रनगरकर

इंदूरमधल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाचं वर्गणीच्या पावत्यांचं एक पान आहे. साधं एचटीएमएल, साधी जावास्क्रिप्ट, मागे सर्व्हरवर नोड आणि एक्सप्रेस. स्वयंसेवक घरोघर फिरताना फोनवरच पावती फाडतात. एका पावतीत वर्गणी, महाप्रसाद, सजावट अशा ओळी असतात आणि खाली एकूण. दुखणी तीन:

एकूण रकमेच्या जागी काही फोनवर ‘एनएएन’ (नॉट अ नंबर, म्हणजे ‘हा आकडा नाही’) येतं. लॅपटॉपवर कधीच नाही. दोन फोन एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. एकावर हमखास येतं, दुसऱ्यावर येत नाही.

मधूनच एका देणगीदाराच्या दोन पावत्या निघतात, लागोपाठच्या क्रमांकांच्या.

रात्रीच्या काही पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

आतापर्यंतचं हत्यार म्हणजे कन्सोल.लॉग, कोडमधली माहिती ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापणारी आज्ञा. फोनवर तर कन्सोलच दिसत नाही. कोणतं टूल घ्यावं? विकतचं लागेल का? अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, निघण्याआधी हे निस्तरायचं आहे.

खाननदी

विकत काही घ्यायचं नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स, तिन्हींत डीबगर (कोड थांबवून आत बघायचं साधन) आतच असतो, एफ१२ दाबा, ‘डेव्हटूल्स’ उघडतं. सर्व्हरच्या बाजूला व्हीएस कोड, तोही फुकट.

पण एकच टूल शोधू नका, कारण हे तीन वेगळे आजार आहेत. पहिल्यात कोडमधली किंमत (व्हॅल्यू) बिघडते, तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड ठरावीक ओळीवर थांबवणारी खूण. दुसऱ्यात एक गोष्ट दोनदा घडते, तिथे नेटवर्क पॅनल, म्हणजे सर्व्हरकडे गेलेल्या विनंत्यांची यादी. तिसऱ्याला टूलआधी घड्याळ लागेल. दोन गोष्टी बघून सांगा: एनएएन येणाऱ्या फोनची भाषा कोणती? आणि चुकीच्या तारखेच्या पावत्या रात्री बारा ते पहाटे साडेपाच याच वेळेतल्या आहेत का?

राजेंद्रनगरकर

तारखेचं तंतोतंत तसंच निघालं. सगळ्या बारानंतरच्या, साडेपाचनंतरची एकही नाही. आणि एनएएनवाला फोन मराठीत आहे, दुसरा हिंदीत. हे कसं ओळखलंत?

खाननदी

तारखेचं आधी, ते छोटं आहे. कोडमध्ये कुठेतरी न्यू डेट() घेऊन त्यावर टूआयएसओस्ट्रिंग() आणि पहिली १० अक्षरं कापून घेतली असणार. टूआयएसओस्ट्रिंग नेहमी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) देतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे तारीख बदलली तरी पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत आदलाच दिवस चालू असतो. यासाठी रात्री जागायला नको. कन्सोलमध्ये ठरावीक क्षण द्या: न्यू डेट('२०२५-०९-०६टी०१:१०:००+०५:३०').टूआयएसओस्ट्रिंग(). अक्षरं आणि अंक अर्थातच इंग्रजी टाका. उत्तरात ५ सप्टेंबर, १९:४० दिसेल.

उपाय: इन्टल.डेटटाइमफॉरमॅटला टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट द्या आणि फॉरमॅटटूपार्ट्समधून वर्ष, महिना, दिवस उचलून जोडा. गेटडेट() वगैरे वापरून लॅपटॉपवर बरोबर येईल, पण सर्व्हर यूटीसीवर असेल तर तोच कोड तिथे पुन्हा घसरेल. लिनक्स किंवा मॅकवर तपासायचं तर टीझेड=यूटीसी लावून नोड सुरू करा.

एनएएनसाठी मात्र आधी फोन लॅपटॉपला जोडा. अंदाज आहे, पण अंदाजावर कोड बदलू नये.

छत्रीबाग_लोकल

अँड्रॉइड फोन जोडायची रीत:

१. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, तिथे ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी. काही कंपन्यांनी हा बिल्ड नंबर ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत ठेवला आहे.
२. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात, त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू.
३. केबल लावा. लॅपटॉपच्या क्रोममध्ये क्रोम://इन्स्पेक्ट.
४. फोनवर परवानगीची खिडकी येते, ‘अलाऊ’ करा. फोनमधल्या टॅबची यादी लॅपटॉपवर दिसते. हव्या त्या टॅबखाली ‘इन्स्पेक्ट’.

यादीच येत नसेल तर पहिला संशय केबलवर. बाजारातल्या स्वस्त केबली पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. दुसरं, फोनवरचा यूएसबी मोड ‘फाइल ट्रान्सफर’ करून पाहा. विंडोजवर काही फोनांना कंपनीचा यूएसबी ड्रायव्हर लागतो. परवानगीची खिडकी आलीच नाही तर डेव्हलपर ऑप्शन्समधून जुन्या परवानग्या रद्द करून केबल काढून लावा.

एवढं झालं की फोनचं कन्सोल, नेटवर्क, ब्रेकपॉइंट, सगळं लॅपटॉपवर. काम संपलं की यूएसबी डीबगिंग बंद करा. स्वयंसेवकाचा खाजगी फोन आहे तो.

बिनसाखरेचा_चहा

फोनवर कोड वायफायने बघत असाल, म्हणजे पत्त्यात १९२.१६८ असं काही, तर एक खड्डा आहे. साध्या एचटीटीपीवर, लोकलहोस्ट सोडून दुसऱ्या पत्त्यावर, पान ‘सुरक्षित’ धरलं जात नाही. मग क्रिप्टो.रँडमयूयूआयडी (एकमेव खूण बनवणारं फंक्शन), सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी, फाइली साठवू शकणारी स्क्रिप्ट), लोकेशन, क्लिपबोर्ड चालत नाहीत आणि जी चूक मुळात नाहीच ती शोधण्यात वेळ जातो. क्रोम://इन्स्पेक्टमध्येच ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ आहे. तिथे ३००० समोर लोकलहोस्ट:३००० भरा. मग फोनवरही लोकलहोस्ट:३००० असाच पत्ता चालतो आणि पान सुरक्षित धरलं जातं.

पलासियाची_सून

आयफोनचं काय? आमच्याकडे दोघी-तिघी आयफोनवाल्या आहेत आणि मॅक कुणाकडेच नाही.

छत्रीबाग_लोकल

ताई, मॅक असेल तर सोपं: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये (नव्या आयओएसवर त्यातल्या ‘अ‍ॅप्स’मध्ये) सफारी, अ‍ॅडव्हान्स्ड, ‘वेब इन्स्पेक्टर’ चालू, मॅकच्या सफारीत डेव्हलप मेन्यूत फोनचं नाव येतं. मॅक नसेल तर एरुडा नावाची मुक्त लायब्ररी पानात टाका, ती पानावरच छोटं कन्सोल उघडते. ब्रेकपॉइंट मात्र त्यात मिळत नाहीत. आणि ती सगळ्यांना दिसू देऊ नका. पत्त्याच्या शेवटी ठरावीक शब्द असेल तरच लोड होईल असं करा.

राजेंद्रनगरकर

फोन जोडला, केबल बदलल्यावर दिसला. पहिली ओळ भरली तर एकूण बरोबर, दुसरी ओळ भरताच एनएएन. कन्सोलमध्ये लाल काहीच नाही. ‘पॉज ऑन एक्सेप्शन्स’ चालू केलं तरी थांबत नाही.

खाननदी

थांबणार नाही. एनएएन ही चूक फेकली जात नाही; ती एक किंमत आहे आणि निमूट पुढे वाहत जाते. म्हणून ती कुठे जन्मली ते धरायचं.

एकूण रक्कम पानावर कोण लिहितं ते माहीत नसेल तर डेव्हटूल्सच्या एलिमेंट्स टॅबमध्ये त्या आकड्यावर राइट क्लिक, ‘ब्रेक ऑन’, ‘सबट्री मॉडिफिकेशन्स’. आता फोनवर दुसरी ओळ भरा. कोडची जी ओळ तो मजकूर बदलते तिथे तो थांबेल. उजवीकडे कॉल स्टॅक: सगळ्यात वर आत्ताचं फंक्शन, खाली त्याला बोलावणारी. एकेकावर क्लिक करून ‘स्कोप’ या भागात तिथल्या किमती पाहा. जिथे एनएएन नाही आणि त्याच्या वर आहे, त्या दोघांमध्ये चोर.

मग त्या ओळीच्या क्रमांकावर राइट क्लिक करून ‘अ‍ॅड कंडिशनल ब्रेकपॉइंट’ आणि अट नंबर.इझएनएएन(एकूण). ‘एकूण === एनएएन’ अशी अट लिहू नका, ती कधीच खरी होत नाही; एनएएन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो.

थांबल्यावर एफ१० पुढची ओळ, एफ११ फंक्शनच्या आत, शिफ्ट-एफ११ बाहेर, एफ८ सोडून द्या.

राजेंद्रनगरकर

सापडली ओळ. अशी आहे: एकूण = पार्सइंट(खाना.टेक्स्टकंटेंट) + रक्कम, आणि लगेच खाली खाना.टेक्स्टकंटेंट = एकूण.टूलोकेलस्ट्रिंग(). स्कोपमध्ये टेक्स्टकंटेंट ‘५०१’ दिसतोय, देवनागरीत.

खाननदी

हेच. टूलोकेलस्ट्रिंगला भाषा दिली नाही तर ते फोनची भाषा घेतं. मराठीचे ठरलेले अंक देवनागरी, हिंदीचे मात्र इंग्रजी. म्हणून हिंदी फोन सुटला. पार्सइंटला देवनागरी अंक कळत नाहीत, लगेच एनएएन. पहिल्या ओळीला पानावर एचटीएमएलमधलं इंग्रजी शून्य होतं म्हणून ती बरोबर आली. इंदुरात बहुतेक फोन हिंदी नाहीतर इंग्रजीत, त्यामुळे ही चूक मराठी फोनवाल्यांच्याच वाट्याला!

आता वाईट बातमी. लॅपटॉपवरही हे पान चुकतं, फक्त बोंब मारत नाही. इंग्रजी अंकांत ५०१ आणि ६०० भरा. १,१०१ येईल, स्वल्पविरामासकट. आता तिसरी ओळ २५१ भरा. पार्सइंट स्वल्पविरामाशी थांबतं, हाती येतो १, आणि एकूण दिसेल २५२. एकूण हजाराच्या आत ठेवून तपासलं तर हे जन्मात दिसणार नाही.

राजेंद्रनगरकर

२५२च आलं. म्हणजे जुन्या पावत्याही तपासायला लागणार.

बिनसाखरेचा_चहा

ओळींच्या रकमा वेगळ्या साठवल्या असतील तर सर्व्हरवर बेरीज करून एकूणाशी ताडा. पुढेही एकूण ब्राउझरकडून घेऊच नका, सर्व्हरने स्वतः मोजावं.

पानावर: रकमांचा अ‍ॅरे ठेवा, बेरीज रिड्यूसने, पानावरचा मजकूर फक्त दाखवायला. पानावरून आकडा परत वाचायचा नाही. एवढं पाळलं तर टूलोकेलस्ट्रिंग खुशाल मराठीत दाखवू दे, बरंच दिसतं ते.

भरण्याच्या खान्यातही तोच धोका: मराठी कीबोर्डवरून ‘५०१’ येऊ शकतं. टाइप ‘नंबर’ ठेवला आणि आत अवैध मजकूर पडला तर .व्हॅल्यू रिकामी मिळते आणि नंबर('') म्हणजे शून्य! पावती शून्याची. त्यापेक्षा टाइप ‘टेक्स्ट’, इनपुटमोड ‘न्यूमेरिक’, आणि वाचताना आधी स्वल्पविराम काढा, मग ० ते ९ या देवनागरी अक्षरांच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करून इंग्रजी अंक बनवा. रेगेक्समधला (मजकूर शोधायच्या नमुन्यातला) \डी देवनागरी अंक धरत नाही, तेव्हा पट्टा स्पष्ट लिहा.

मराठी फोन हाताशी नसेल तर डेव्हटूल्सच्या तीन ठिपक्यांत ‘मोअर टूल्स’, ‘सेन्सर्स’. तिथे लोकेशनच्या ‘मॅनेज’मध्ये नवी जागा बनवा, टाइमझोन एशिया/कोलकाता, लोकेल एमआर-आयएन (मराठी, भारत). पान रीलोड करा. डेव्हटूल्स उघडं असेपर्यंतच हे सोंग टिकतं.

रीगल_टॉकीज

एवढा खटाटोप कशाला भिया, पार्सइंटच्या वर एक कन्सोल.लॉग टाकला असता तरी दिसलं असतं.

खाननदी

दिसलं असतं, ती ओळ आधीच माहीत असती तर. ओळ माहीत नसताना लॉग टाकत फिरणं म्हणजे दर वेळी फाइल बदला, चढवा, फोनवर रीलोड करा.

लॉगच हवा असेल तर ‘लॉगपॉइंट’ वापरा: ओळ क्रमांकावर राइट क्लिक, ‘अ‍ॅड लॉगपॉइंट’, आत ‘रक्कम’, टाइपऑफ रक्कम, जेसन.स्ट्रिंगिफाय(रक्कम). फाइलला हात लागत नाही, विसरून लाइव्हवर जात नाही. स्ट्रिंगिफाय अशासाठी की आकडा आणि आकड्यासारखं दिसणारं अक्षर यांतला फरक अवतरणचिन्हांवरून कळतो.

आणि ऑब्जेक्ट लॉग करताना जपून. कन्सोल ऑब्जेक्टचा फोटो काढत नाही. तुम्ही बाणावर क्लिक करून उघडता त्या क्षणी जे आत असेल ते दाखवतो. लॉगच्या वेळी काय होतं ते हवं तर स्ट्रक्चर्डक्लोन करून लॉग करा.

रीगल_टॉकीज

हे मान्य. पण दोन पावत्यांच्या प्रकरणात ब्रेकपॉइंट लावाल तर हात चोळत बसाल. कोड थांबलेला असताना पान गोठतं, दुसरी टिचकी नेहमीसारखी पोचतच नाही आणि चूक गायब. वेळेशी संबंधित चुकांना लॉग आणि नेटवर्क पॅनलच बरं.

नेटवर्क उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’ची खूण करा, नाहीतर पान बदललं की नोंदी पुसल्या जातात. पावती फाडा. पोस्टच्या, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या, दोन विनंत्या दिसल्या तर त्यांच्यातलं अंतर बघा. काही मिलिसेकंदांचंच असेल तर कोड दोनदा पाठवतोय. पाव-अर्धा सेकंद किंवा जास्त असेल तर माणसाचं बोट. ‘इनिशिएटर’ रकान्यावर माउस ठेवला की विनंती कोणत्या ओळीतून निघाली त्याचा स्टॅक दिसतो. दोन्हींचे स्टॅक वेगळे असतील तर दोन वेगळ्या जागांहून पाठवलं जातंय.

बोट असेल तर जाळं मंद करून पाहा. नेटवर्कच्या वरच्या पट्टीत ‘थ्री-जी’ आहे. तेही चांगलंच म्हणायचं. झांक्यांच्या रात्री राजवाड्यापाशी गर्दीत जाळ्याचं जे होतं त्यासाठी स्वतःचं प्रोफाइल बनवा: १०० केबीपीएस, लेटन्सी (उत्तराला लागणारा उशीर) २००० मिलिसेकंद. दोन सेकंद बटण दाबल्याचं काहीच दिसत नाही, मग माणूस पुन्हा दाबणारच.

राजेंद्रनगरकर

अंतर ४ मिलिसेकंद, स्टॅक वेगळे. मंद जाळ्यावर तिसरीही निघाली.

रीगल_टॉकीज

मग दोन्ही आजार आहेत. एलिमेंट्समध्ये बटण निवडा आणि कन्सोलमध्ये गेटइव्हेंटलिसनर्स($०). मग फॉर्म निवडून तेच. बटणावर ‘क्लिक’ आणि फॉर्मवर ‘सबमिट’ असे दोन सापडतील असं दिसतंय. बटण सबमिट प्रकारचं असेल तर एका टिचकीत दोन्ही चालतात. फॉर्मचा ‘सबमिट’ ठेवा, बटणाचा काढा. कीबोर्डवरून एंटर मारला तरी तो चालतो.

एकाच ठिकाणी तेच दोनदा दिसलं तर सुरुवातीचं फंक्शन दोनदा चालतंय. नाव असलेलं तेच फंक्शन अ‍ॅडइव्हेंटलिसनरला दोनदा दिलं तर ब्राउझर एकदाच धरतो, पण तिथल्या तिथे लिहिलेलं अ‍ॅरो फंक्शन दर वेळी नवं, म्हणून दोनदा जोडलं जातं.

बिनसाखरेचा_चहा

बोटासाठी: सबमिट होताच बटण डिसेबल, उत्तर किंवा चूक आली की परत चालू. पण ते पुरेसं नाही, उत्तर वाटेत हरवलं तर माणूस पुन्हा पाठवतोच. कोरा फॉर्म उघडतानाच क्रिप्टो.रँडमयूयूआयडीने एक खूण बनवा, विनंतीसोबत पाठवा आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन (तीच खूण दोनदा नाही) घाला. तीच खूण पुन्हा आली तर नवी पावती न करता जुनीच परत द्या. खूण सबमिटच्या फंक्शनात बनवू नका, नाहीतर दर टिचकीला नवी होते आणि सगळं व्यर्थ.

पलासियाची_सून

आमचं रिअ‍ॅक्टमध्ये आहे, तिथेही पान उघडताच विनंती दोनदा जाते. फक्त लॅपटॉपवर, लाइव्हवर नाही.

रीगल_टॉकीज

स्ट्रिक्टमोड, रिअ‍ॅक्टची कडक तपासणी. रिअ‍ॅक्ट १८ पासून डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट (पान दिसल्यावर चालणारं फंक्शन) मुद्दाम दोनदा चालवतात, साफसफाईचं फंक्शन राहिलं असेल तर कळावं म्हणून. स्ट्रिक्टमोड काढू नका, इफेक्टमधून क्लीनअप परत करा.

छत्रीबाग_लोकल

सर्व्हरच्या बाजूला बघायचं तर नोड --इन्स्पेक्ट लावून सुरू करा. ९२२९ पोर्टवर ऐकतो, क्रोम://इन्स्पेक्टमध्येच दिसतो. सुरू होतानाच काही बिघडत असेल तर --इन्स्पेक्ट-बीआरके, पहिल्याच ओळीवर थांबतो. व्हीएस कोडमध्ये ‘जावास्क्रिप्ट डीबग टर्मिनल’ उघडून त्यात नेहमीची आज्ञा दिली तरी डीबगर आपोआप जोडला जातो, जुळवणी लिहायला नको.

लाइव्ह सर्व्हरवर हे पोर्ट ०.०.०.० वर कधीही उघडू नका. जो तिथे पोचेल तो तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. मूळ १२७.०.०.१ तसंच ठेवा आणि एसएसएचच्या -एल बोगद्यातून जोडा. आणि लाइव्हवर ब्रेकपॉइंट म्हणजे सगळ्यांच्या पावत्या एकदम थांबणार, तिथे लॉगपॉइंटच.

राजेंद्रनगरकर

दुरुस्त फाइल चढवली. दोन फोनांवर अजून जुनंच चालू आहे. कॅशे पुसून झालं.

बिनसाखरेचा_चहा

सर्व्हिस वर्कर आहे का? डेव्हटूल्सच्या अ‍ॅप्लिकेशन टॅबमध्ये बघा. ‘डिसेबल कॅशे’ची खूण ब्राउझरच्या कॅशेपुरती, आणि तीही डेव्हटूल्स उघडं असेपर्यंत, वर्करने स्वतः साठवलेल्या फाइलींना ती हात लावत नाही. तपासताना ‘अपडेट ऑन रीलोड’ लावा. स्वयंसेवकांना नवं मिळायचं असेल तर वर्करच्या फाइलमधलं कॅशेचं नाव बदला आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’मध्ये जुनी कॅशे पुसा. नवा वर्कर आला तरी जुने टॅब उघडे असेपर्यंत तो थांबून राहतो. सगळे टॅब बंद करून पुन्हा उघडायला सांगा.

पुढच्या वेळी फाइल चढवण्याआधी ‘ओव्हरराइड्स’ वापरून पाहा: सोर्सेसमध्ये ओव्हरराइड्स, एक फोल्डर निवडा, लाइव्ह पानाची फाइल तिथेच बदलून कंट्रोल-एस. रीलोड केलं तरी फक्त तुमच्या ब्राउझरला बदललेली फाइल मिळते, बाकीच्यांना मूळ.

राजेंद्रनगरकर

वर्करच होता. आता तिन्ही ठीक. एकच उरलं: आदल्या दिवसाच्या तारखेच्या पावत्या. रकान्यात फक्त तारीख आहे, वेळ नाही.

खाननदी

वेळ सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये मिळेल. तुम्ही बारा ते साडेपाच हे तिथूनच पाहिलं असणार. तारखेचा रकाना थेट बदलू नका. ‘दुरुस्त तारीख’ असा नवा रकाना घाला, लॉगमधली पोस्टची वेळ पावती क्रमांकाच्या क्रमाशी जुळवून भरा. लॉग यूटीसीत आहे की आपल्या वेळेत, ते नोंदीतल्या वेळेपुढच्या +०००० किंवा +०५३० वरून कळेल. दुहेरी पावत्या आधी बाजूला काढा, नाहीतर क्रम एकेने सरकेल. आणि लॉग ठरावीक दिवसांनी पुसले जातात, तेव्हा प्रत आजच काढून ठेवा.